जुम्मन कुलूपवाल्याचे वाक्य

"खडके, दार लावून घ्या," प्राचार्य गंगणे म्हणाले.

मी दार लावले, तरी ते थोडा वेळ दाराकडेच पाहत राहिले. जणू फळीपलीकडे कुणी श्वास रोखून उभे असावे. मग त्यांनी टेबलाच्या काचेवरून एक प्रश्नपत्रिका माझ्याकडे सरकवली. त्याच सकाळी झालेला बी.ए. प्रथम वर्षाचा इंग्रजीचा पेपर. शेवटच्या प्रश्नाखाली लाल पेन्सिलीची रेघ होती.

"वाचा."

दोन रिकाम्या जागा, आणि त्या भरायला दोन शब्द: इन्जीनिअस आणि इन्जेन्युअस. कानाला जुळ्या बहिणी, अर्थाने सवती. पहिला म्हणजे चतुर, युक्तिबाज. दुसरा म्हणजे भोळा, ज्याच्या मनाला आडपडदा नाही. इंग्रजीतल्या त्या वाक्याचा आशय असा होता: कुलूपवाला जुम्मन इतका अमुक होता की त्याने आपली विद्या एका चोराला शिकवली, आणि चोर इतका तमुक होता की त्याने ती पहिल्यांदा जुम्मनच्याच दारावर चालवून पाहिली.

"चांगलं वाक्य आहे," मी म्हणालो.

"चांगलंच आहे. चला, याहून चांगलं दाखवतो."

सात नंबरच्या खोलीत परीक्षेची बैठक नव्हती. गंगण्यांनी तिला स्वतःचे कुलूप घातले होते. आत कोंडलेले ऊन, बाकांवर खडूची भुकटी, आणि समोरच्या फळ्यावर तेच वाक्य, देवणीकर बाईंच्या ताठ, उभ्या अक्षरात. दोन्ही जागा भरलेल्या. शेजारी वार घातलेला: शनिवार. पेपर सोमवारी झाला होता.

"अकराला पेपर सुटला, अन् पाठोपाठ फोन," गंगणे म्हणाले. "नाव नाही, गाव नाही. 'तुमच्या बाईंनी पेपर फोडला, विश्वास नसेल तर फळा बघा.' मी विद्यापीठाला कळवलंय. चौकशीला माणूस येतोय गुरुवारी."

"पण बाई असं—"

"मलाही वाटत नाही. पण वाटण्याला कोण विचारतो? दोन महिन्यांनी बाई निवृत्त होतात. दोषी ठरल्या तर निवृत्त नाही, बडतर्फ. जन्मभर शिकवलं ते राहील बाजूला, पेपर फोडणारी बाई एवढंच नाव राहील गावात." ते जरा थांबले. "तुम्ही त्यांच्या विभागातले. तोवर लक्ष असू द्या. कोण येतं, कुणाशी बोलतात. अन् गुरुवारी जबाब तुम्हीच लिहून घ्यायचे. अक्षर चांगलं आहे तुमचं."

मी त्या वर्षीच तात्पुरता रुजू झालो होतो. बाई उठल्या की ती खुर्ची माझी होणार हे गंगण्यांनाही ठाऊक होते, मलाही. त्यांनी मला निवडले ते माझ्या अक्षरासाठी की त्या खुर्चीसाठी, हे मला आजही सांगता येणार नाही. एवढे मात्र खरे की त्या दुपारपासून मी बाईंकडे पाहायचा थांबलो आणि त्यांच्यावर नजर ठेवू लागलो. आणि ही दोन कामे एकाच डोळ्यांना जमत नाहीत. बाई कपाट उघडत, तर मला वाटे काहीतरी काढून नेत आहेत. बंद करत, तर वाटे लपवत आहेत. ग्रंथालयात त्या मुलींशी हसून बोलल्या तेव्हा मला ते हसू जरा जास्तच मोकळे वाटले. आणि एरवीचे त्यांचे हसू कसे असे, ते काही केल्या आठवेना.

बुधवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. नवऱ्यामागे बाई एकट्याच राहत. अंगणात बाजेवर धोतर पसरून कुरडया वाळत घातल्या होत्या, आणि बाई उंबऱ्यात बसून साच्याला चिकटलेला चीक खरवडत होत्या.

"या खडके. गंगण्यांनी पाठवलं ना?"

"नाही हो बाई, सहज—"

"सहज आलेला माणूस आधी चपला काढतो. तुम्ही आधी खिडकीतून डोकावलात." त्यांनी कोपऱ्यातली काठी माझ्या हातात दिली. "धरा. चिमण्या हाकला. नाहीतरी पहाऱ्यावरच आहात."

मी काठी घेऊन बाजेशेजारी उभा राहिलो. हसावे की ओशाळावे कळेना. आत फोन वाजला. वाजत राहिला. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"उचलत नाही?"

"बोलत नाही तो. नुसता ऐकतो. सोमवारपासून चाललंय."

फोन थांबला आणि लगेच पुन्हा वाजला. मला ती खूण वाटली. त्या उचलत नाहीत ते मी इथे आहे म्हणूनच, असेही वाटले. संशयाला खाद्य शोधावे लागत नाही. समोर येईल ते तो गिळतो.

"बाई, कोण हा जुम्मन?"

"होता एक. कॉलेजच्या गेटाबाहेर बसायचा, पेटी घेऊन. एका पायानं लंगडा. तुम्ही यायच्या किती आधी वारला. गंगणेसुद्धा आले नव्हते तेव्हा."

"आणि तो चोर?"

"तोही होता. जुम्मननं हाताला धरून शिकवलं त्याला."

"म्हणजे भोळाच म्हणायचा."

"वाक्यात भोळा," बाई म्हणाल्या. "चिमण्या बघा, चिमण्या."

मी काठी आपटली. मग, विचारायचे नाही असे घरून ठरवून आलो होतो तेच विचारले. "हे वाक्य पेपरात कसं गेलं, बाई?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही."

"वाटू द्या हो. ज्याला काही वाटत नाही असा माणूस दारात उभा असला की मला भीती वाटते." त्यांनी साचा पाण्यात बुडवला. "उद्या कोण येतंय?"

"विद्यापीठातले विभागप्रमुख. डॉक्टर आर. जी. सोनटक्के."

त्यांचा हात पाण्यातच राहिला.

"सोनटक्के रावसाहेब ग्यानबा," त्या हळूच म्हणाल्या; आडनाव आधी, मग नाव, मग बापाचे नाव.

"ओळखता तुम्ही?"

"वाचलं असेल कुठंतरी."

बाई खोटे बोलत होत्या. इतक्या वाईट तऱ्हेने, की खोटे बोलायची सवय नसलेले माणूसच तसे बोलू शकते. पण हे मला तेव्हा सुचले नाही. मी सायकल काढली आणि थेट गंगण्यांचे घर गाठले.

गंगणे लेंग्यावरच बाहेर आले. माझे ऐकून त्यांनी भुवया वर नेल्या. "पूर्ण नाव घेतलं? अहो, साहेब तर परवा फोनवर म्हणाले की या गावात जन्मात पाय ठेवला नाही. रस्ता कुठून ते मला विचारून घेतलं त्यांनी." ते हळू आवाजात म्हणाले, "दोघांतलं एक जण खोटं बोलतंय, खडके."

दोघांतले कोण, याविषयी मला शंका नव्हती.

गुरुवारी विद्यापीठाची पांढरी जीप गेटाशी थांबली. सोनटक्के साहेब उतरले: उंच, कानाशी पिकलेले, कडक इस्त्रीचा सफारी. बाकी सगळे आत वळले तरी ते गेटाच्या उजव्या अंगाला, जिथे काहीही नव्हते तिथे, क्षणभर पाहत राहिले. मग घाईने आमच्या पुढे निघून गेले.

प्राचार्यांच्या खोलीत बाई त्यांच्या समोर बसल्या. खिडकीशी मी, मांडीवर पॅड घेऊन. साहेबांनी बाईंना नमस्कार केला नाही. त्यांचे डोळे टेबलाच्या काचेवरून वर येईनात.

"लेखनिक, शब्द न् शब्द घ्यायचा. मागाहून वाद नको." त्यांनी घसा साफ केला. "हे अक्षर तुमचं?"

"माझंच."

"शनिवारी लिहिलं?"

"शनिवारी. शेवटच्या तासाला. दरवर्षी शेवटच्या तासाला हेच लिहिते. मुलं परीक्षेला निघाली की जाता जाता हातावर साखर ठेवावी, तसं."

"दरवर्षी लिहिता, याला साक्षीदार?"

"पुष्कळ. काही तर फार चांगल्या जागी पोचलेत. नावं सांगू?"

पंखा गरगरत होता. साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि न वापरता पुन्हा ठेवला.

"नको. जुने विद्यार्थी बाईंच्या बाजूनंच बोलणार. त्यानं सिद्ध काही होत नाही."

माझी लेखणी धावत होती आणि मनात एक गोष्ट टोचू लागली होती. जो माणूस चौकशीला आला, त्याने नावे विचारायला हवी होती. हा नावांना भीत होता.

गंगण्यांनी मध्ये तोंड घातले. "साहेब, पेपर कुणी काढला त्यांना विचारता नाही का येणार? त्यांनी हे वाक्य आणलं कुठून?"

"ते गोपनीय असतं, गंगणे. पेपर काढणारा आपल्या बायकोलाही सांगत नाही. तुम्हाला नियम माहीत नाहीत?"

"नाही, माहीत आहेत. आपलं विचारलं."

"मग विचारू नका." त्यांचा आवाज चढला होता. "हे बघा बाई, प्रकरण वाढवण्यात कुणाचंच हित नाही. नजरचुकीनं कानावर आलं, मुलांच्या प्रेमापोटी सांगितलं, असं लिहून द्या. मी सौम्य शेरा मारीन. नाहीतर एका लंगड्या कुलूपवाल्याचं वाक्य दोन ठिकाणी जसंच्या तसं उगवतं, हा योगायोग कोण मानेल?"

मी लिहीत होतो: एका लं... आणि लेखणी थांबली.

प्रश्नपत्रिकेत जुम्मन लंगडा नव्हता. फळ्यावर नव्हता. खोलीत आल्यापासून बाईंच्या तोंडी ते आले नव्हते. मला ते काल कळले होते, हातात चिमण्यांची काठी असताना. आणि हा गृहस्थ, ज्याने या गावात जन्मात पाय ठेवला नव्हता, त्या मेलेल्या माणसाचा पाय ओळखत होता.

"सर," मी म्हणालो. माझाच आवाज मला दुरून आल्यासारखा वाटला. "लंगडा हा शब्द घेऊ का?"

"काय?"

"आपण आत्ता 'लंगड्या कुलूपवाल्याचं' म्हणालात. शब्द न् शब्द घ्यायचा आहे, म्हणून विचारलं. वाक्यात तो लंगडा नाही."

साहेबांच्या चेहऱ्यावरून रंग असा उतरला, जसा ओल्या फडक्याखालून खडू उतरतो. गंगणे माझ्याकडे पाहत होते, मग त्यांच्याकडे. त्यांना काहीच उमगले नव्हते, पण काहीतरी बिघडले एवढे कळत होते.

"घेऊ नका, खडके," बाई म्हणाल्या. "मघाशी मीच म्हणाले असेन. ते ऐकून साहेब बोलले."

"बाई, तुम्ही नाही—"

"तुमचं लक्ष नव्हतं." आणि गंगण्यांकडे वळून, "सर, चहाचं काय झालं हो? पाहुण्यांना इतका वेळ कोरडंच बसवलंय."

"आयला, खरंच की," म्हणत गंगणे सुटल्यासारखे बाहेर गेले. त्यांची हाक व्हरांड्यात लांब गेली. मी उठू लागलो, तशी बाईंनी मला हातानेच बसवले.

खोलीत आम्ही तिघे. पहिल्यांदाच साहेबांनी मान वर केली.

"कुठं बसायचास?" बाईंनी विचारले.

"तिसऱ्या बाकावर," साहेब म्हणाले. "खिडकीकडून. एकच वर्ष होतो, बाई. मला वाटलं, तुम्ही ओळखणार नाही."

"मी नाही ओळखलं. नाव ओळखलं. फोन तूच करत होतास?"

"बोलायचं होतं. तुमचा आवाज आला की बोलता येईना. मग तुम्ही उचलायचंच सोडलंत."

"तो पहिला फोन, गंगण्यांना?"

"नाही! तो मी नाही, शपथ. असेल कुणी पालक, कुणी क्लासवाला." ते पुढे झुकले. कडक सफारीला छातीवर चुणी पडली. "पेपर देण्याची मुदत संपत आली होती. शेवटचा प्रश्न राहिला होता. बसलो, आणि हातानं आपोआप लिहिलं. हे वाक्य माझं नाही हे मनातसुद्धा आलं नाही. सोमवारी तुमच्या कॉलेजची तक्रार आली, तेव्हा अंगावर काटा आला. परीक्षा नियंत्रक नवीन आहेत, पेपर कुणी काढला त्यांना ठाऊक नाही. मीच म्हणालो, मी जातो."

"मला सोडवायला आलास, की अडकवायला?"

साहेब, मला अजून ऐकू येतो अशा सरळ, थकलेल्या आवाजात म्हणाले, "बाई, माझं नाव आलं तर माझी जुनी बाई, माझा पेपर, तिचा फळा, एवढंच लोक बघतील. संगनमत म्हणतील. खरं सांगून आपण दोघंही जाऊ. तुमचे दोन महिने उरलेत. माझी पंधरा वर्षं."

मी पॅडकडे पाहत होतो. यांतले काहीच मी लिहीत नव्हतो. खरे म्हणजे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हते. सत्य गुन्ह्यासारखेच दिसत असेल, तर ते बोलून दाखवणारा माणूस शहाणा की वेडा?

"म्हणा ना," साहेब म्हणाले. "जुम्मनचा चोर निघालो मी. तेच म्हणायचंय ना तुम्हाला?"

"नाही रे." बाईंनी पदर सारखा केला. "जुम्मनला माहीत होतं तो चोर आहे. मी विचारलं होतं त्याला, कशाला शिकवलंस म्हणून. म्हणाला, 'बाई, सिखाते वखत आदमी नै देखना. हाथ देखना.' हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. वाक्यात बसत नव्हतं." त्यांचा आवाज पहिल्यांदा किंचित हलला. "तू माझं नाव घालवायला निघालास, ते मला कळतं. घाबरलास. पण एवढी वर्षं झाली, रावसाहेब. एवढी पुस्तकं वाचलीस, एवढ्या मुलांपुढं उभा राहिलास. शेवटचा प्रश्न घालायला बसलास, तर तुझं स्वतःचं एक वाक्य सुचू नये?"

साहेबांचे डोळे पुन्हा टेबलाच्या काचेवर गेले.

दार ढकलून गंगणे आले. मागे शिपायाच्या हातात कपांचा ट्रे. कप मांडले गेले, शिपाई गेला, बशा वाजायच्या थांबल्या.

"लेखनिक," साहेब म्हणाले. "निष्कर्ष लिहा."

मी पान उलटले.

"सदर वाक्य हे इंग्रजीच्या अध्यापनात बऱ्याच वर्षांपासून सर्वत्र प्रचलित असून, ते दोन ठिकाणी आढळणे स्वाभाविक आहे. सबब, श्रीमती देवणीकर यांच्यावरील आरोपात तथ्य आढळत नाही."

गंगण्यांनी मोठा निःश्वास सोडला. "वा, साहेब. सुटलो म्हणायचं."

मीही सुटल्यासारखे लिहीत होतो. बाई निर्दोष, साहेब सुरक्षित, पेपर कायम. एवढ्या स्वच्छ लबाडीत कुणाचेच काही जात नव्हते.

"असं लिहू नका," बाई म्हणाल्या.

गंगण्यांचा कप अर्ध्या वाटेवर थांबला. "बाई! अहो, तुमच्याच बाजूचं आहे ते."

"प्रचलित नाही ते वाक्य. कुठल्या पुस्तकात नाही, सर्वत्र तर नाहीच नाही. माझं आहे. मी केलंय. तसं लिहा."

"मग पेपरात कसं गेलं, ते सांगावं लागेल की हो!" गंगणे जवळजवळ ओरडले. "दोन ओळींसाठी जन्माची नोकरी घालवता काय?"

"ते मला कशाला सांगावं लागेल? मी पेपर नाही काढला." त्या कुणाकडेही पाहत नव्हत्या. हात मांडीवर, एकावर एक. "हे माझं नाही, असं म्हणून मला सुटायचं नाही. बडतर्फ करा हवं तर."

खिडकीबाहेर दुपारच्या सत्राची मुले सावलीला बसून शेवटची पाने उलटत होती. त्यांचा गुणगुणाट आत येत होता. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मग त्या अर्ध्या लिहिलेल्या पानाकडे. मला त्या क्षणी वाटले, आता हे उठतील, जीप निघेल, आणि बाई या खुर्चीत अशाच बसून राहतील.

"खोडा ते," साहेब म्हणाले.

मी खोडले.

"लिहा. सदर वाक्य श्रीमती इंदुमती देवणीकर यांचे आहे." ते थांबले. मी पूर्णविराम दिला. "ते त्यांनी या महाविद्यालयात, सात नंबरच्या वर्गात शिकवले. मी तेव्हा त्यांचा विद्यार्थी होतो. प्रश्नपत्रिकेत ते मी घातले. त्यांना न सांगता. चौकशीचे काम मी मागून घेतले तेव्हाही हे लपवले."

"साहेब, असं लेखी दिल्यावर—" गंगणे म्हणू लागले.

"लिहू द्या त्यांना."

त्या चार ओळींनी पुढे सोनटक्क्यांचे विभागप्रमुखपद गेले, पेपर काढण्यावर कायमची बंदी आली, आणि संगनमताची कुजबुज, त्यांनी भाकीत केल्याप्रमाणे, वर्षभर चालली. बाई मात्र ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या नियमाने निवृत्त झाल्या. पण हे सगळे नंतरचे. त्या क्षणी मी फक्त लिहीत होतो, आणि माझे चांगले अक्षर ओळीवरून घसरत होते.

साहेबांनी सही केली. लेखणीला टोपण लावले, काढले, पुन्हा लावले. त्यांच्या चहावर साय धरली होती. बाईंनी हात लांबवून तो कप टेबलाच्या काचेवरून त्यांच्यापुढे सरकवला आणि गंगण्यांच्या देखत, वर्गातल्या पोराला सांगावे तसे म्हणाल्या,

"गार होतोय. पी."